जुन्याच्या डोक्यावर नवा

विळीवर आधी एक कांदा उभा चिरावा, मग हळदीचा एक जेठा गड्डा, आणि शेवटी ग्लॅडिओलस या फुलझाडाचा कंद. कांद्यात पापुद्र्यावर पापुद्रा निघतो आणि बुडाशी एक चपटी चकती उरते. ती चकती म्हणजे कांद्याचं खोड, बाकी सगळी पानं. हळदीत पापुद्रे नाहीत. ते आडवं पसरणारं खोड आहे, बगलेला हळकुंडं फुटत जातात. ग्लॅडिओलस चिरला की आतून कच्च्या सुरणासारखा भरीव, फिकट पिवळसर गर दिसतो. वर एक कोंब, खाली बुडाला एक खोलगट वण. बाहेरून कांद्यासारखा कोरडा पापुद्रा असला तरी आत पापुद्र्यांचा पत्ता नाही.

अजून खात्री हवी असेल तर घरातल्या टिंक्चर आयोडिनचा एकेक थेंब कांद्याच्या आणि या कंदाच्या कापलेल्या बाजूवर टाका. कांदा जवळजवळ तसाच राहतो, कारण तो आपली शिदोरी साखरेच्या रूपात ठेवतो. ग्लॅडिओलस मात्र क्षणात काळानिळा पडतो, कारण तो पिठानं भरलेला आहे.

पुस्तकात याला दृढकंद म्हणतात, कुठे घनकंद. शेतात मात्र सगळ्यांना एकच शब्द, कंद. गैरसमज इथूनच सुरू होतात. मराठवाड्याला जमिनीखालची पिकं नवी नाहीत. वैजापूर-गंगापूरकडचा कांदा, वसमत-हिंगोलीकडची हळद, कन्नड-खुलताबादचं आलं. त्यामुळे फुलशेतीकडे वळणारा माणूस ग्लॅडिओलसकडेही त्याच नजरेनं बघतो: लावला, फुगला, काढला. पण लावलेला ग्लॅडिओलस फुगत नाही, तो मरतो. दरवर्षी. आपण काढतो तो दुसराच असतो.

हे नीट बघायचं तर लागवडीला दोन महिने झालेलं एक झाड फावड्यानं अलगद उचलावं, मुळाची माती बादलीत धुवावी आणि मांडीवर घेऊन बसावं. तीन मजले दिसतात. सगळ्यात खाली जुना कंद, हाताला मऊ, सुरकुतलेला, त्याच्या बुडातून निघालेली बारीक तंतूसारखी मुळं. त्याच्या बरोबर डोक्यावर नवा कंद, पांढरट, ताजा, पानांच्या देठांनी घट्ट गुंडाळलेला. जमिनीच्या वर आलेल्या खोडाचा अगदी तळचा भाग फुगून तो झालेला असतो. आणि या दोघांच्या सांध्यात बारीक दोऱ्यांच्या टोकांना लटकलेली पिल्लं, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी. चांगल्या जमिनीत एका झाडाला अशी डझनावारी पिल्लं सापडतात.

मुळंही दोन जातीची. जुन्या कंदाची बारीक मुळं सुरुवातीचे आठवडे पाणी आणि अन्न ओढतात. नव्या कंदाच्या बुडातून मग जाड, पांढरी, मांसल मुळं येतात. त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात. ती मुळं खाली जातात, टोकाशी मातीत रुतून बसतात आणि आखडतात, म्हणजे नव्या कंदाला चक्क खाली ओढतात. कारण उघड आहे. नवा जुन्याच्या डोक्यावर बसत गेला तर चार-पाच वर्षांत कंद उघड्यावर येईल. मातीत मुळाचं काम नुसतं शोषायचं असतं असं आपण धरून चालतो. इथे मूळ दोरखंडाचं काम करतं.

आता लागवडीची खोली या माहितीवरच ठरते. भारी जमिनीत 5 ते 7 सेंटीमीटर, हलक्या मुरमाड जमिनीत 8 ते 10. उथळ लावला तर नवा कंद जवळपास पृष्ठभागावर येतो, उन्हात तापतो आणि फुलदांडा जड झाला की झाड आडवं होतं. म्हणून चार-पाच पानांवर मातीची भर द्यायची. ती भर झाडाला आधार म्हणून जेवढी, तेवढीच वरच्या मजल्याला छप्पर म्हणून.

कंद विकत घेताना बहुतेकांची नजर रुंदीवर जाते. व्यापारीही चाळणीनं व्यासच मोजतो, चार-पाच सेंटीमीटरचा माल फुलासाठी उत्तम म्हणून देतो. व्यास खोटा नाही, पण अर्धाच खरा. कंद उलटा करून बुडाचा वण बघावा. तिथे जुना कंद चिकटलेला होता. वण लहान आणि कंद लाडवासारखा उंच असेल तर तो तरुण आहे, पिल्लापासून वाढून नुकताच फुलायच्या वयात आला आहे. वण रुपयाच्या नाण्याएवढा आणि कंद भाकरीसारखा चपटा असेल, तर तो अनेक हंगाम फुलून थकलेल्या वंशातला. व्यास दोघांचा सारखा भरेल, दांडा मात्र पहिल्याचा सरस येईल.

पापुद्रा सोलला की अंगावर गोल वलयं दिसतात. एकेक वलय म्हणजे खोडाचं एक पेर. तिथे पूर्वी एक पान होतं आणि पापुद्रा हा त्या पानाचा सुकलेला तळ. ग्लॅडिओलसची पानं दोनच ओळींत, एकाआड एक समोरासमोर येतात, त्यामुळे पानाच्या बगलेतले डोळेही कंदाच्या माथ्यावरून एका सरळ रेषेत मांडल्यासारखे असतात. ही रेषा कामाची आहे. कंद महाग किंवा कमी असतील तर मोठा कंद उभा कापून दोन करता येतात. प्रत्येक फोडीला किमान एक डोळा आणि बुडाचा मूळ फुटणारा भाग यायला हवा. सुरी रेषेला आडवी चालवली की दोन्हीकडे डोळे वाटले जातात. रेषेच्या बाजूनं चालवली तर एक फोड वांझ निघते. कापलेल्या तोंडाला बुरशीनाशकाची भुकटी लावून ते दोन दिवस सावलीत सुकवायचं, तसंच मातीत घातलं तर कुजलंच.

पापुद्रा सोलायचा की नाही यावर वाद चालतो. लागवडीच्या वेळी सोलावा, कारण त्याच्या आड काय दडलंय ते दिसतं. तपकिरी, खोल गेलेले डाग असतील तर तो कंद बाजूला. फुलकिडे उन्हाळाभर याच पापुद्र्याखाली बसलेले असतात, पुढे पानांवर आणि पाकळ्यांवर चंदेरी ओरखडे तेच काढतात. सोललेले कंद लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात 20 ते 30 मिनिटं बुडवून सावलीत निथळले की लागवडीला तयार.

मर रोग हा खरा शत्रू. फ्युजेरियम बुरशी कंदातून येते आणि मातीत वर्षानुवर्षं राहते. पानं टोकाकडून पिवळी पडतात, दांडा वाकडा येतो. पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी सोडतो आणि उरलंसुरलं संपवतो. शंका आली की एक झाड उपटायचं आणि कंद चिरायचा. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तपकिरी रेषा दिसल्या, तर ते झाड मातीसकट काढून शेताबाहेर जाळायचं आणि त्या वाफ्यात तीन-चार वर्षं ग्लॅडिओलस घ्यायचा नाही. त्या आजारी झाडाची पिल्लं मोह धरून ठेवली, तर पुढच्या वर्षी रोग स्वतःच पेरल्यासारखं आहे.

मराठवाड्याच्या काळ्या मातीबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि असावाही, पण या झाडाला ती फार आवडत नाही. बसाल्ट खडक झिजून झालेली ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात. दोन्ही गोष्टी दोन मजल्यांच्या सांध्याला नडतात. फुगलेल्या चिकट मातीत हवा खेळत नाही, कंद कुजतो. भेग पडली की आखडणारी मुळं तुटतात. त्यात चुनखडी असते, सामू (पीएच) आठच्या पुढे जातो आणि ग्लॅडिओलसला तर साडेसहाच्या आसपासचा बरा वाटतो. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा लोहाचा केवडा. मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीनं त्याला कुलूप लावलेलं असतं. म्हणून जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकण्यात फारसा अर्थ नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस, त्यात सायट्रिक ॲसिडची चिमूट, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानांवर फवारणी. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा.

जागा निवडायची झाली तर गावाच्या खालच्या अंगाचं भारी रान सोडून उताराचं मध्यम, मुरूम मिसळलेलं रान घ्यावं. सरी-वरंबा 45 सेंटीमीटरवर, वरंब्यावर कंदात 15 सेंटीमीटर अंतर. गुंठ्याला दीड हजार कंद बसतात, एकराला साठ हजारांच्या आसपास. नव्या माणसानं एकरावर उडी मारूच नये, दोन गुंठे पुष्कळ झाले. चांगलं कुजलेलंच शेणखत घालावं, ओलं कच्चं शेणखत म्हणजे बुरशीला आवतण. नत्र एकदम न देता दोन पानांवर, चार पानांवर आणि सहा पानांवर असं तीनदा. या तीन खुणा कॅलेंडरपेक्षा भरवशाच्या, कारण फुलदांडा आतल्या आत घडायला दोन-तीन पानांनंतरच सुरुवात होते आणि चौथ्या ते सहाव्या पानाच्या काळात वाफसा, म्हणजे मातीतली बेताची ओल, मोडला तर दांडा पोटातच सुकतो. वरून झाड हिरवंगार, चांगलं वाढलेलं आणि फूलच नाही. असं वांझ झाड पाहून दोष बियाण्याला दिला जातो. बहुतेक वेळा त्या पंधरवड्यात वीज नव्हती किंवा ठिबकची नळी बुजली होती.

पाण्याची आणखी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी बोलली जाते. ग्लॅडिओलस फ्लोराइडला इतका हळवा आहे की कारखान्यांच्या धुरातलं फ्लोराइड ओळखायला त्याच्या काही जाती मुद्दाम लावल्या जातात. पानांची टोकं करपतात. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे तिथल्या दातांवरून आणि हाडांवरून माहीत झालेलं आहे. मातीत चुना असल्यानं तिथे त्याचा जोर काही अंशी कमी होतो. बादलीत मात्र मधे कोणीच नसतं. कापलेले दांडे अशा पाण्यात ठेवले की वरच्या कळ्या न उमलताच कडेनं सुकतात. लिटरला एक मिलिग्रॅमही त्यांना जास्त होतं. दांड्यांच्या बादलीपुरतं साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरावं. एवढी चैन परवडते.

फुलाकडे आता. नाव लॅटिनमधल्या तलवारीवरून आलं, पानाच्या आकारामुळे. कूळ इरिडेसी, म्हणजे केशराचं. मूळ जातींपैकी बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेतल्या, आणि आपण लावतो ते सगळे त्यांचे संकर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा हे वाण आहेत, परदेशी वाणांत अमेरिकन ब्यूटी आणि व्हाइट प्रॉस्पेरिटी बाजारात सतत दिसतात.

एक फूल दांड्यावरून सोडवून हातात घ्या. त्याला देठच नाही, थेट दांड्याला चिकटलेलं, खाली दोन हिरवी टोकदार आवरणं. पाकळ्या सहा, पण निदलं आणि पाकळ्या असा भेद नाही, सगळी एकसारखी रंगीत, तळाशी जुळून नळी झालेली. पुंकेसर तीनच. फूल आडवं तोंड करून उघडतं आणि तिन्ही पुंकेसर वरच्या पाकळीच्या छताखाली एका बाजूला कमानीसारखे झुकलेले असतात. मधमाशी खालच्या पाकळीवर उतरते आणि आत शिरताना पाठीला पराग लागतो. आधी पराग मोकळे होतात, स्त्रीकेसराच्या तीन फांद्या नंतर पसरतात, म्हणजे त्याच फुलाचे पराग त्यालाच लागू नयेत. नळीच्या खाली, पाकळ्यांच्याही खाली, बीजकोश. फळ धरू दिलं तर तीन कप्प्यांची बोंडी होते आणि बियांना भोवती पातळ पंख असतो. पण त्या बियांतून आईसारखं फूल येईल याचा भरवसा नाही, संकराची संतती ती. रंग टिकवायचा तर कंदच.

फुलं दांड्यावर दोन ओळींत लागतात, पण माना फिरवून सगळी एका बाजूला बघतात आणि खालून वर उमलत जातात. म्हणून तोडणी सगळ्यात खालच्या एक-दोन कळ्यांना नुसता रंग दिसला की करायची. वरच्या कळ्या फुलदाणीत आपोआप उमलतात, दांड्यात तेवढी शिदोरी असते. लातूर-नांदेडचा माल हैदराबादच्या गुडीमलकापूर बाजाराला जातो तेव्हा रात्रभराचा प्रवास. टेम्पोत दांडे आडवे रचले तर सकाळी प्रत्येकाचं शेंड्याकडचं टोक वर वळलेलं असतं, कारण कापल्यानंतरही दांडा आकाश शोधत राहतो. तो बाक परत सरळ होत नाही आणि भाव तिथेच पडतो. उभे भरा, बादलीत किंवा खोक्यात, पण उभे.

तोडताना मोह होतो तो लांब दांड्याचा. दांडा जितका लांब तितका भाव, म्हणून विळा जमिनीलगत फिरतो आणि पानं दांड्यासोबत जातात. इथे पुढचं वर्ष विकलं जातं. नवा कंद खरा भरतो तो फुलं गेल्यानंतर, उरलेल्या पानांच्या जिवावर. झाडावर निदान चार पानं हवीत. तोडणीनंतर सहा ते आठ आठवडे पाणी द्यायचं, शेवटी कमी करत बंद करायचं. बाजारात फूल गेलं, पैसे आले, तर त्या रिकाम्या दिसणाऱ्या रानाला पाणी द्यायचं जिवावर येतं. जायकवाडीच्या कालव्यावर असो की विहिरीवर, फेब्रुवारीचं पाणी कुणाला फुकट घालवायचं नसतं. पण तेच पाणी कंद आहे.

पानं पिवळी पडून पिल्लांचा रंग पांढऱ्यावरून तपकिरी व्हायला लागला की काढणी. कोरड्या दिवशी, कुदळीनं, जखम न करता. दोन-तीन आठवडे सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी पसरायचे. मग जुना सुकलेला कंद नव्याच्या बुडातून अंगठ्यानं दाबला की टचकन सुटतो. सुटत नसेल तर अजून वाळलेला नाही, जबरदस्ती केली तर बुडाला जखम होते आणि तिथून कूज शिरते.

पुढचा प्रश्न उन्हाळ्याचा. नवा कंद काढल्यावर लगेच लावला तर उगवत नाही. दोन-तीन महिने तो झोपलेला असतो, आणि ही झोप थंडीनं मोडते. मराठवाड्यात मार्च ते जून त्याला जे मिळतं ते नेमकं उलट. पत्र्याच्या खोलीत 42 अंशांत ठेवलेले कंद जूनपर्यंत हलके, पोकळ होतात. शीतगृहात 3 ते 5 अंशांत तीन महिने ठेवले तर झोपही मोडते आणि वजनही राहतं. भाजी-फळांच्या शीतगृहात जागा मिळाली तर पिकलेल्या फळांपासून लांब, जाळीच्या क्रेटमध्ये, एकावर एक जास्त थर न देता. लागवडीआधी आठवडाभर बाहेर सावलीत काढून ठेवायचे, डोळे जागे झालेले दिसतात.

हिशेब असा बसतो. पावसाळी लागवड काळ्या रानात जोखमीची. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलं तर जातीप्रमाणे डिसेंबरअखेर ते जानेवारीत फूल, लग्नसराईत. मार्चमध्ये कंद निघतात, एप्रिलच्या झळा सुरू होण्याआधी. दसरा-दिवाळीचा बाजार झेंडूसाठी सोडलेला बरा. चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोन-तीन टप्प्यांत लावलं तर सगळे दांडे एकाच दिवशी तोडायची पाळी येत नाही.

अलीकडे खोलीत केशर पिकवायचे व्हिडिओ फिरतात. तिथेही गंमत याच कंदाची. केशराचा कंद उन्हाळ्यात आतल्या आत कळी घडवून बसतो आणि पुढे 15 ते 17 अंशांची थंडी दिली की ट्रेमध्ये, मातीशिवाय, पाण्याशिवायही फुलतो. ते फूल गेल्या वर्षीच्या शिदोरीवरचं. व्हिडिओ सहसा तिथे संपतो. त्यानंतर त्या कंदाला पाच-सहा महिने थंड हवेत, मातीत पानं वाढवून नवा कंद घडवायचा असतो. काश्मीरात पांपोरला ते एप्रिलपर्यंत चालतं. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर ऊन चढतं, पानं लवकर वाळतात, नवा कंद सुपारीएवढाही होत नाही आणि आठ ग्रॅमच्या आतला कंद पुढच्या वर्षी फुलत नाही. शिवाय एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. दरवर्षी कंद विकत आणणार असाल तर ती शेती तुमची नाही, कंद विकणाऱ्याची आहे.

पिल्लांचं काय करायचं ते राहिलं. फेकू नका. रंगाप्रमाणे वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी, कारण वाळल्यावर सगळी सारखीच दिसतात. कवच टणक असतं, म्हणून पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायची आणि वर तरंगणारी काढून टाकायची. ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर 3 ते 4 सेंटीमीटर खोल, हरभरा पेरावा तशी ओळीनं, ओळीत 10-15 सेंटीमीटर अंतर ठेवून. पहिल्या वर्षी एकच बारीक पान येतं, कंद बोराएवढा होतो. दुसऱ्या वर्षी काहींना, तिसऱ्या वर्षी बहुतेकांना फूल धरतं.

पहिल्या खुरपणीला मात्र वाफ्याजवळ स्वतः थांबावं लागतं. पिल्लातून आलेलं पान आणि लव्हाळा वीतभर उंचीवर अगदी एकसारखे दिसतात, आणि खुरपणाऱ्या बायकांच्या हाताला लव्हाळ्याची सवय इतकी पक्की असते की डोळा पोचायच्या आत हात उपटून मोकळा होतो. दोन बोटांत धरून फिरवून बघा म्हणावं: लव्हाळ्याच्या काडीला तीन कडा लागतात, आणि याचं पान सुरीच्या पात्यासारखं सपाट.